तानपुऱ्याशेजारी एक संगणक ठेवा

प्रति,
मुंबई आणि उपनगरांतील संगीत विद्यालयांचे चालक, गायन मंडळांचे कार्यकर्ते आणि सार्वजनिक ग्रंथालयांचे विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाटकांसाठी आणि मालिकांसाठी संगीत संयोजन करतो. स्टुडिओच्या बोलीत प्रोग्रामिंग. आठवडाभर कीबोर्ड, संगणक आणि हेडफोन, आणि रविवारी सकाळी गाणं शिकणाऱ्या काही मुलामुलींना ध्वनिमुद्रण कसं करायचं, स्वतःचा सूर कसा तपासायचा, हे दाखवत बसतो. हे पत्र देणगी मागण्यासाठी नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

संगणकाच्या मदतीने संगीत शिकण्याचं आणि त्यावर संशोधन करण्याचं साहित्य जगात ढिगाने पडलं आहे, त्यातलं बरंचसं फुकट आहे, आणि त्यातलं काही तर आपल्याच संगीतावर, आपल्याच शहरात तयार झालेलं आहे. पण दादरच्या किंवा भांडुपच्या मराठी विद्यार्थ्याला तिथपर्यंत नेणारी वाट नाही. ती तुमच्या इमारतीतल्या एका टेबलापासून सुरू होऊ शकते, एवढंच मला म्हणायचं आहे.

"दादा, कॉम्प्युटरवर म्युझिक शिकायचंय, कुठून सुरुवात करू?" हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे कोण असतात? विशारदला बसलेली मुलगी. ढोल-ताशा पथकातला मुलगा, ज्याला आता लूप बनवायचे आहेत. भजनी मंडळात पेटी वाजवणारे निवृत्त गृहस्थ. संगीतात एम.ए. करणारे. अलीकडे तर पीएच.डी.साठी श्रुती, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म स्वरभेद, हा विषय घेतलेल्या एक बाई आल्या. त्यांच्याकडे संदर्भग्रंथांची चळत होती, पण सूर मोजण्याचं एकही साधन त्यांनी कधी उघडून पाहिलं नव्हतं. दोष त्यांचा नाही. त्यांना ते कुणी दाखवलंच नव्हतं.

या मंडळींपुढे आज काय काय आहे ते बघा. अंधेरी-गोरेगावकडे ध्वनी अभियांत्रिकीचे वर्ग आहेत, फी काही लाखांच्या घरात. दुसरी वाट यूट्यूबची. तिथे कुठलं बटण दाबलं की काय होतं ते कळतं, का होतं ते कळत नाही. शिवाय सगळी उदाहरणं चार-चारच्या ठेक्याची. सात मात्रांचा रूपक कसा बसवायचा, विलंबित एकतालाचं आवर्तन क्लिकवर, म्हणजे संगणकाच्या ठोक्यावर, कसं मोजायचं, हे तिथे कुणाला विचारणार? तिसरी वाट मित्राच्या पेनड्राइव्हची. क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर त्यातून येतं, सोबत व्हायरसही येतो, आणि पोरगं पहिल्या दिवसापासून चोरीच्या मालावर शिकतं. आपल्या क्षेत्रात याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. बोलायला हवं, कारण अगदी त्याच कामासाठी कायदेशीर आणि मोफत साधनं उपलब्ध आहेत.

ही विद्या कालपरवाची नव्हे. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या अवाढव्य संगणकाकडून सतरा सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. त्याच परंपरेतून पुढे एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी सीसाउंड ही भाषा तयार केली. ती आजही मोफत मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग १९६७च्या सुमारास सुराला हेलकावा देऊन बघत होते. हेलकाव्याचा वेग खूप वाढवला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आता हेलकावा ऐकू येतच नाही, नादाची जातच बदलली आहे. त्या निरीक्षणावर १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड उभा राहिला आणि जगभरच्या स्टुडिओंत शिरला. आमच्या पिढीच्या वादकांनी त्याचे आवाज वाजवले, पण ते आवाज कशातून आले हे विचारायची सवय आम्हाला नव्हती. पॅरिसला पिअर बुलेझ यांच्या पुढाकाराने इरकाम ही संगीत-संशोधनाची संस्था उभी राहिली. तिथे काम करत असताना मिलर पकेट यांनी मॅक्स हे संगणकावर संगीत रचण्याचं साधन घडवलं आणि पुढे १९९०च्या दशकात तशाच कामाचं प्युअर डेटा लिहून सगळ्यांना मोफत दिलं. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या तंत्रावरचं त्यांचं अख्खं पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतं.

हे पाश्चात्त्यांचं खूळ, असं कुणी म्हणेल म्हणून सांगतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर नाद घडवणाऱ्या यंत्राचा, स्टुडिओ उभा राहिला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो लावून दिला आणि गीता साराभाई यांच्यासह काही भारतीय मंडळींनी त्यावर काम केलं. त्या टेप पुढे कित्येक वर्षं विस्मरणात गेल्या होत्या. आणि आपल्या मुंबईत, सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडची तीन यंत्रं घेऊन दहा राग सिंथेसायझरवर बसवले. तेव्हा त्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. वीसेक वर्षांनी परदेशातल्या लोकांना ती तबकडी सापडली आणि ते चकित झाले. आपल्याकडे माणसं नव्हती असं नाही. त्यांनी केलेलं जपून ठेवणारं आणि पुढच्याला दाखवणारं कुणी नव्हतं.

आता घरातल्या कामाबद्दल. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राने ॲमस्टरडॅम विद्यापीठाबरोबर एक प्रकल्प केला. डॉ. सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी नामवंत कलावंतांची ध्वनिमुद्रणं घेऊन त्यांतल्या सुरांचा आलेख काढला. गाणं वाजत असतं आणि पडद्यावर षड्जापासून आखलेल्या आडव्या रेषांमधून सुराची रेघ पुढे सरकत जाते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठून निघाली, मध्यमाला नुसता स्पर्श केला की तिथे ती टेकली, गंधारावर येताना आवाज खालून आला की वरून, हे कानाला ऐकू येता येता डोळ्यांना दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काम बाजूला ठेवून तासभर तेच बघत बसलो होतो. हे इंटरनेटवर आहे. रविवारी येणाऱ्या मुलांना मी दरवेळी विचारतो, याबद्दल ऐकलंय का? अजून एकानेही हो म्हटलेलं नाही.

पवईच्या आयआयटीत प्रा. प्रीती राव आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं हिंदुस्थानी संगीताचं संगणकीय विश्लेषण करत आहेत : साथीच्या कोलाहलातून गायकाचा सूर वेगळा काढणं, रागातले वाक्प्रयोग ओळखणं, तबल्याचे बोल ओळखणं. बार्सिलोनात झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०१७ या काळात कॉम्पम्युझिक नावाचा मोठा प्रकल्प झाला. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत या मुख्य परंपरांपैकी दोन होत्या, आणि पवईची मंडळी त्यात सहभागी होती. त्यातून बाहेर पडलेले ध्वनिमुद्रणांचे संग्रह, तालाच्या आणि सुरांच्या नोंदींसकट, बिगरव्यापारी अभ्यासासाठी खुले आहेत. याच विषयाची इस्मिर ही आंतरराष्ट्रीय परिषद २०२२ साली बंगळूरला भरली होती. तिचे निबंध कुणालाही विनामूल्य वाचता येतात.

म्हणजे एका लोकलच्या अंतरावर एकीकडे सूर मोजणारे आहेत आणि दुसरीकडे सूर लावणारे. प्रयोगशाळेतल्या मुलांना तालीम घेतलेले कान हवे असतात, आणि तुमच्याकडच्या 'अलंकार' परीक्षा झालेल्या शिष्यांना साधनं हवी असतात. मध्ये बोलणारा कुणी नाही. निबंध इंग्रजीत, गणितासकट. ते वाचून चार पानं मराठीत सांगणारं कुणी नाही.

टेबलावर नेमकं काय व्हावं ते एका उदाहरणाने सांगतो, म्हणजे ही हवेतली गोष्ट वाटणार नाही. माझ्याकडे येणारी एक विद्यार्थिनी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गाते. तिची तक्रार अशी, की पेटीबरोबर गाताना गंधार बरोबर लागतो आणि नुसत्या तानपुऱ्यावर गाताना गुरुजी म्हणतात चढा लागतोय. आम्ही प्रात उघडलं. हे ॲमस्टरडॅमच्या उच्चारशास्त्रज्ञांनी बोलण्याच्या अभ्यासासाठी तयार केलेलं मोफत सॉफ्टवेअर, पण सुराची रेघ काढायला उत्तम. काळी चारचा षड्ज म्हणजे सुमारे २०७.६५ हर्ट्झ. तानपुरा स्वतःच्या तारांतून जो गंधार ऐकवतो तो षड्जाच्या सव्वापट, म्हणजे सुमारे २५९.६. पेटीवर तोच गंधार पांढरी एकच्या पट्टीवर येतो आणि पेटी समान अंतराने लावलेली असल्यामुळे तो २६१.६ असतो. फरक दोन हर्ट्झचा. दोन्ही एकत्र वाजवले तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. मोजमापाच्या भाषेत १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. मुलगी पेटीचा गंधार तंतोतंत लावत होती, आणि गुरुजींचा कान तानपुऱ्याला बांधलेला होता. दोघंही खरं बोलत होते. मी तिला आकडे पाठ करायला सांगितलं नाही. पेटी बंद केली, तानपुरा चालू ठेवला, आणि दर पाच मिनिटांनी रेघ बघायला सांगितलं. तासाभरात गंधार खाली येऊन बसला. मग स्क्रीनही बंद केला, कारण त्यापुढचं काम कानाचं.

यात खाचाखोचा आहेत, आणि नेमक्या त्याच कुणी सांगत नाही. तानपुरा स्पीकरवर ठेवून मुद्रण केलं तर गायिका श्वास घेते तेव्हा यंत्र तानपुऱ्यालाच गाणं समजतं आणि त्याची रेघ काढतं. म्हणून तानपुरा हेडफोनमध्ये, आवाज एकटा मायक्रोफोनवर. व्यंजनं आली की रेघ तुटते, ती चूक गायकाची नव्हे. कधीकधी यंत्र एक सप्तक खालचा सूर दाखवतं, तेव्हा शोधण्याची खालची मर्यादा वर उचलावी लागते. घरातला पंखा बंद करावा लागतो. मुंबईत पंखा बंद करून यमन गाणं हीच एक साधना आहे, ते सोडा. या गोष्टी पुस्तकातून कळायला महिना जातो आणि शेजारी बसलेल्या माणसाकडून पाच मिनिटं लागतात.

तबल्याचंही तेच. तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर, मूळ सुराच्या पटींत येतात आणि म्हणून तबला सुरात बोलतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. तुमच्या तबल्याच्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला सोनिक व्हिज्युअलायझर हे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातलं मोफत सॉफ्टवेअर उघडून 'ना' या बोलाची थाप स्वतः बघता येईल. उपस्वरांच्या आडव्या रेषा जवळपास समान अंतरावर दिसतात. साध्या डफाची थाप शेजारी ठेवली की फरक मुलाच्या तोंडूनच बाहेर येतो. बर्नार्ड बेल आणि जेम्स किपेन यांनी १९८०च्या दशकात लखनौच्या तबल्यातल्या कायद्यांचं, म्हणजे बोलांच्या ठरलेल्या रचनांचं, व्याकरण संगणकावर मांडलं. त्यांचा बोल प्रोसेसर हा प्रोग्राम पलटे, म्हणजे त्या रचनांचे फेरफार, तयार करायचा आणि उस्ताद ते पटले की नाही ते सांगायचे. त्या उत्तरांवरून नियम सुधारले जायचे. यंत्र शिष्य आणि उस्ताद परीक्षक. या रचनेत आपल्या परंपरेचा अपमान कुठे आहे, सांगा बरं.

कीबोर्डचं एक सांगायलाच हवं, कारण गैरसमज सगळ्यात जास्त इथे आहेत. यंत्रांनी एकमेकांशी बोलण्यासाठी १९८३ साली मिडी नावाचा करार झाला. त्यात सुरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत, मध्य सप्तकातल्या सीला ६०. मींड या क्रमांकांत मावत नाही. त्यासाठी पिच बेंड, म्हणजे सूर वरखाली वाकवण्याची सूचना, वेगळं पाठवावं लागतं. त्याच्या १६,३८४ पायऱ्या आहेत, पण बहुतेक यंत्रांत ते कारखान्यातून दोन अर्धसूर वर आणि दोन खाली एवढंच बांधून येतं. पंचमावरून रिषभावर उतरायला पाच अर्धसूर लागतात. म्हणून मुलं म्हणतात, कीबोर्डवर मींड येत नाही. येते. मर्यादा बारा अर्धसुरांपर्यंत वाढवा आणि पिच बेंडचं चाक हळू फिरवायचा रियाज करा. खऱ्या सारंगीची सर येणार नाही, पण नाटकाच्या पार्श्वसंगीतात माझं पोट त्यावर चाललं आहे.

लेखनाचं दुखणं वेगळं. भातखंड्यांची स्वरलिपी हाताने लिहायला इतकी सोपी आणि टंकायला महाकर्मकठीण. तार सप्तकाचा बिंदू म्हणून लोक अनुस्वार देतात, मंद्रासाठी नुक्ता, कोमलाच्या खालच्या रेघेसाठी वेदांतली अनुदात्ताची खूण. एकाने केलेली बंदिश दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की रेघा भलत्याच जागी जातात. शोधायला गेलं तर 'गं' हे तार सप्तकातलं की गणपतीच्या मंत्रातलं, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. प्रत्येक विद्यालयाने आपापला जुगाड केला आहे. चार विद्यालयांनी एकत्र बसून एक पद्धत ठरवली आणि त्या पद्धतीने शंभर पारंपरिक बंदिशी टंकून खुल्या ठेवल्या, तर विद्यार्थ्यांची सोय होईल आणि उद्याच्या संशोधकाला आयतं साहित्य मिळेल. याला पैसा लागत नाही. चार विद्यालयांनी एकत्र बसणं लागतं. पैसा मिळवणं सोपं, असं तुम्ही मनात म्हणाल, ते मला ऐकू येतं आहे.

आता टेबल. कुणाच्या कचेरीतून निघालेला जुना संगणक चालेल. ऑडॅसिटी (मुद्रणासाठी), प्रात, सोनिक व्हिज्युअलायझर, म्युझस्कोर (स्वरलेखनासाठी), प्युअर डेटा, सोनिक पाय (कोड लिहून संगीत करण्यासाठी) ही सगळी मोफत साधनं आहेत आणि ती जड नाहीत. कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन आणि एक साधा यूएसबी मायक्रोफोन. लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारली की काम झालं. कृपा करून सुरुवातीलाच मोठा स्टुडिओ बांधू नका. मी अशा एका ठिकाणी गेलो आहे. नाव सांगत नाही. काचेच्या खोलीत महागडा कन्सोल होता, त्यावर प्लास्टिक, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ रजेवर. उद्घाटनाचा फोटो मात्र भिंतीवर छान लावलेला.

टेबलाजवळ एक फळी पुस्तकांची आणि एक मराठी पुस्तिका. पुस्तिका दहा पानांची पुरे : ध्वनी म्हणजे काय, मुद्रण करताना ४४,१०० हा आकडा कशाचा, पट्टी हर्ट्झमध्ये कशी लिहायची, सुराची रेघ कशी वाचायची, मोफत अभ्यासक्रम कुठे. सेरा आणि स्टॅनफर्डचे ज्युलियस स्मिथ यांचा संगीतातल्या ध्वनिप्रक्रियेवरचा अभ्यासक्रम कोर्सेरावर आहे. स्मिथ यांची जाडजूड पुस्तकं स्टॅनफर्डच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. पण ती हातात देऊन विद्यार्थ्याला एकटं सोडलं तर तो तिसऱ्या पानावर पळून जाईल. आयआयटी मुंबईचाच स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम बघा. छोटे छोटे धडे, पडद्यावर प्रत्यक्ष कृती, भारतीय भाषांतला आवाज, विषय मोफत सॉफ्टवेअर. ऑडॅसिटीवरचे धडेही त्यात आहेत. त्याच धर्तीवर 'तबल्याची थाप बघा', 'आपली पट्टी मोजा', 'मींडेचा आलेख काढा' असे धडे मराठीत व्हायला काय हरकत आहे? गाणारे तुमच्याकडे आहेत, आवाज तुमच्याकडे आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे बसणारा, ज्याला थोडं गाणं कळतं आणि थोडं यंत्र. त्याला मानधन द्या. ग्रंथालय 'अ' वर्गाचं असो की 'क' वर्गाचं, एवढा खर्च वार्षिक सत्कार समारंभाच्या शालींमधून निघतो.

तुमच्या कपाटांबद्दलही बोलायचं आहे. गिरगाव, दादर, पार्ले इथल्या मंडळांकडे बैठकींच्या स्पूल टेप आणि कॅसेट पडून आहेत. मुंबईच्या दमटपणात टेपला बुरशी धरते. दर पावसाळ्याला त्यातलं काहीतरी कायमचं जातं. त्यांचं डिजिटायझेशन हे संगणक-संगीताच्या शिक्षणाचं पहिलं प्रात्यक्षिक होऊ शकतं. किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये मुद्रण करा, एमपी३मध्ये मूळ प्रत ठेवू नका, आणि कलावंत, साथीदार, राग, ताल, तारीख यांची नोंद फाइलबरोबरच ठेवा. टेप कोणत्या वेगाने चालली होती याची शंका आली तर एक युक्ती सांगतो. जुन्या मुद्रणांत विजेची घरघर बहुधा असते आणि आपली वीज ५० हर्ट्झची. आलेखात ती घरघर ५२वर दिसली तर टेप चार टक्के जास्त वेगाने चालली आहे, म्हणजे सगळं गाणं अर्ध्या सुराच्या दोन-तृतीयांशाने चढलं आहे. विजेची वारंवारताही पूर्वी थोडी खालीवर व्हायची, तेव्हा हा अंदाज. तरी पट्टीवरून चाललेले वाद मिटवायला पुष्कळ.

हक्कांची भीती मला समजते. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, कलावंताचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं, आणि बंदिश नवी असेल तर रचनाकाराचा वेगळा. हे बघूनच काय खुलं करायचं ते ठरवा. पण टेबलावर बसून हेडफोनने ऐकू देणं आणि संशोधनासाठी अभ्यासू देणं याला कायद्यात वाव आहे. वकिलाचा एकदा सल्ला घ्या आणि कपाट उघडा. टेप कपाटात मेली तर कुठलाच हक्क कुणाच्या कामाचा नाही.

काही ज्येष्ठांचं म्हणणं असतं, की ही गुरूसमोर बसून घ्यायची विद्या, यंत्र मध्ये आणू नका. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, यंत्र कधीच आलं आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९च्या सुमारास आला आणि आज घराघरांत आहे, तालमाला या ठेका वाजवणाऱ्या यंत्रावर रियाज होतो, मोबाइलवर ठेका लावला जातो, आणि क्लास संपल्यावर बंदिशीचं मुद्रण व्हॉट्सॲपवर पाठवणारे गुरुजीच असतात. यंत्र विद्यार्थ्याने आंधळेपणाने वापरावं की समजून, एवढंच आपल्या हातात आहे. माझंही एक मत आहे आणि ते काही सहकाऱ्यांना आवडत नाही : सुराच्या रेघेवरून गुण देऊ नयेत. परीक्षेत ॲप लावून गंधार इतके सेंट चुकला म्हणून मार्क कापणं, हा मूर्खपणा होईल. आंदोलित, म्हणजे झुलत्या, स्वराला एक आकडा नसतोच. रेघ शिकायला ठेवा, निवाड्याला नको.

शिवाय आता दोन ओळी टंकल्या की गाणं तयार करून देणाऱ्या आणि कुणाच्याही आवाजाची नक्कल करणाऱ्या सेवा आल्या आहेत. त्यांवर या पत्रात लांबण लावत नाही. एवढंच सांगतो, की आवाज आकड्यांत कसा उतरतो हे ज्याने एकदा स्वतः करून पाहिलं, त्याला या सेवा काय करतात आणि काय करत नाहीत हे विचारता येतं. बाकीचे एकतर घाबरतात किंवा भाळतात.

सुरुवात लहान असावी. तुमच्यापैकी एका ग्रंथालयाने आणि एका विद्यालयाने मिळून येत्या दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांचं शिबिर घ्यावं, दहाबारा विद्यार्थ्यांपुरतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपली पट्टी मोजावी, दुसऱ्या दिवशी एक आलाप मुद्रित करून त्याची रेघ बघावी, तिसऱ्या दिवशी तबला किंवा पखवाज, चौथ्या दिवशी एक जुनी टेप. प्रयोगशाळेतल्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला बोलवावं, आणि त्याच्यासमोर तुमच्याकडच्या सर्वांत चिकित्सक गवयाला बसवावं. शिबिरातले प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून ठेवली की वर म्हटलेली दहा पानं आपोआप तयार होतील.

शिकवायला मी येईन, मानधन नको. सोबत प्रोग्रामिंग करणारे आणखी दोघे मित्र तयार आहेत. ऑडिओ इंटरफेस, मायक्रोफोन आणि चार हेडफोन आमचे. जागा, वीज आणि एक तानपुरा तुमचा. तानपुरा शक्यतो खरा, आणि जवारी नीट लावलेला.

आपला,
एक संगीत संयोजक,
मुलुंड, मुंबई